घरातल्या कॉम्प्युटरांमध्ये फाईल शेअरिंग होत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत खाली दुकान आणि वर घर अशी घरं गल्लोगल्ली आहेत. खाली पेढीवर एक डेस्कटॉप, वर पोरांचा लॅपटॉप, कुठंतरी कोपऱ्यात प्रिंटर. खालची फाईल वर न्यायची तर पेनड्राइव्ह घेऊन जिना चढायचा, नाहीतर स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप करायची. शेअरिंग एकदा बसलं की ही पळापळ थांबते. पण ते लवकर बसत नाही, आणि बसलेलं कधी उठून जाईल याचा नेम नसतो. मार्केट यार्ड, विश्रामबाग, कुपवाड, मिरज इकडच्या घरांतून मला जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात ते उत्तरांसकट इथं लिहून ठेवलेत.

सगळं विंडोज १० आणि ११ धरून आहे. मेनूंची नावं पडद्यावर इंग्रजीत दिसतील, इथं ती देवनागरीत आहेत. आकडे मात्र कॉम्प्युटरवर इंग्रजीतच टाका. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण एकांनी खरंच मराठी आकडे टाकून अर्धा तास घालवला होता.

प्रश्न: कालपर्यंत चालत होतं, आज बंद. सुरुवात कुठून करू?

सेटिंगला हात न लावण्यापासून. शेअरिंग बंद पडलं की लोक घाईघाईनं फायरवॉल (बाहेरून येणाऱ्याला अडवणारी विंडोजची भिंत) बंद करतात, अँटिव्हायरस काढतात, पासवर्ड उडवतात, अख्खा डी ड्राइव्ह ‘एव्हरीवन’ला देऊन टाकतात. त्यातलं एक काहीतरी लागू पडतं, पण कोणतं ते कळत नाही, आणि बाकीची दारं कायमची सताड उघडी राहतात.

मशीन बिघडलंय असं क्वचितच असतं. कुठलं तरी एक दार लागलेलं असतं, एवढंच. ज्या कॉम्प्युटरवर फाईल आहे त्याला आपण यजमान म्हणू आणि जो फाईल मागायला जातो त्याला पाहुणा. पाहुण्याला तीन गोष्टी जमाव्या लागतात. तो त्याच गल्लीत हवा, म्हणजे दोघे एकाच नेटवर्कात हवेत. यजमानानं कडी काढलेली हवी, म्हणजे फायरवॉल आणि नेटवर्कचा प्रकार. आणि यजमानानं त्याला ओळखायला हवं, म्हणजे नाव, पासवर्ड आणि परवानगी.

गाडी कुठं अडलीय ते कॉम्प्युटर स्वतःच सांगतो. पासवर्डची चौकट आली की समजायचं, पाहुणा उंबऱ्यापर्यंत पोचलाय. आता राऊटर बंद-चालू करण्यात काही अर्थ नाही. ‘नेटवर्क पाथ वॉज नॉट फाउंड’ आणि ८००७००३५ वर संपणारा कोड आला तर घोळ पहिल्या दोनांत आहे. ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ आलं तर दार उघडलंय, आत बसू देत नाहीत.

प्रश्न: ही तपासणी प्रत्यक्षात कशी करायची?

यजमानावर स्टार्टमध्ये सीएमडी शोधा, काळी खिडकी उघडा आणि आयपीकॉन्फिग हा शब्द इंग्रजीत, सलग टाकून एंटर मारा. ‘आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस’समोर १९२.१६८.१.५ असा काहीतरी आकडा दिसेल. हाच त्या मशीनचा पत्ता, तो कागदावर लिहून घ्या. पाहुण्यावरही तेच करा. बहुतेक घरांत दोन्ही आकड्यांचे पहिले तीन भाग जुळायला हवेत आणि चौथा वेगळा असायला हवा. एक १९२.१६८.१ आणि दुसरा १९२.१६८.० असेल, तर दोघे वेगवेगळ्या गल्लीत आहेत.

आकडा १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्या मशीनला राऊटरकडून पत्ताच मिळालेला नाही, त्यानं मनानं एक घेतलाय. केबल किंवा वाय-फाय आधी बघा.

पत्ते जुळले की पाहुण्यावर विंडोजचं बटण आणि आर दाबून चौकटीत \\१९२.१६८.१.५ असं, म्हणजे दोन उलटे स्लॅश आणि यजमानाचा पत्ता टाका. शेअर केलेलं फोल्डर उघडलं तर तुमचं शेअरिंग धडधाकट आहे. फक्त यादीत नाव दिसत नव्हतं, आणि ती तक्रार वेगळी आहे.

प्रश्न: पिंग केलं तर उत्तर येत नाही. म्हणजे नेटवर्क तुटलंय का?

पिंग म्हणजे दुसऱ्या मशीनला मारलेली हाक. तिला उत्तर आलं तर रस्ता आहे. नाही आलं तर रस्ता नाही असं मात्र म्हणता येत नाही, कारण विंडोजची फायरवॉल सहसा पिंगला उत्तर देऊ देत नाही. घरात माणूस असतो, पण तो हाकेला ओ देत नाही. खरी खात्री हवी असेल तर पॉवरशेल (सीएमडीसारखीच आज्ञा टाकायची खिडकी) उघडून टेस्ट-नेटकनेक्शन, मग जागा सोडून यजमानाचा पत्ता, पुन्हा जागा सोडून -पोर्ट आणि शेवटी ४४५ असं इंग्रजीत टाका. पोर्ट म्हणजे मशीनवरचं क्रमांकाचं दार, आणि फाईल शेअरिंग ४४५ याच पोर्टवरून चालतं. शेवटच्या ओळीत ट्रू आलं तर पहिली दोन दारं उघडी आहेत.

प्रश्न: दोन्ही मशीन आमच्याच घरात आहेत, नेट दोन्हीकडं चालतं, तरी एकमेकांना ओळखत नाहीत. असं कसं?

नेट चालणं आणि एका नेटवर्कात असणं या दोन निराळ्या गोष्टी. फायबर आल्यापासून या प्रश्नात मी सगळ्यात जास्त वेळ घालवलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

फायबरवाल्यानं खाली दुकानात डबा बसवला. तो डबा स्वतःच राऊटर असतो. वर रेंज येईना म्हणून घरात पडलेला जुना राऊटर काढला, खालून केबल ओढली आणि त्याच्या ‘वॅन’ लिहिलेल्या, बहुधा वेगळ्या रंगाच्या भोकात घातली. वर नेट झकास आलं, सगळे खूश. पण आता घरात दोन राऊटर आहेत आणि दोघेही आपापली गल्ली सांभाळतायत. खालच्या मशीनना पत्त्यांची एक मालिका मिळते, वरच्यांना दुसरी.

याची खूण गमतीची आहे. वरच्या लॅपटॉपवरून खालच्या डेस्कटॉपचा पत्ता टाकला तर पुष्कळदा फोल्डर उघडतं. खालून वर मात्र काही केल्या जाता येत नाही. वरचा राऊटर आपल्या माणसांना बाहेर सोडतो, बाहेरच्याला आत घेत नाही, आणि त्याच्या लेखी खालचं दुकान म्हणजे बाहेरच. ‘एकाच बाजूनं चालतंय’ असं कुणी फोनवर सांगितलं की मी पहिल्यांदा घरात डबे किती आहेत ते विचारतो.

उपाय असा. वरच्या राऊटरला फक्त वाय-फाय पसरवण्याचं काम द्यायचं. त्याच्या सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडा, काम संपलं. नसेल तर त्याचं डीएचसीपी (मशीनना पत्ते वाटण्याचं काम) बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता खालच्या डब्याच्या मालिकेतला पण कुणी न वापरलेला द्या (खालचा डबा १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२, मात्र तो आकडा खालचा डबा इतरांना वाटत नाही याची खात्री करून), आणि मग केबल वॅनमधून काढून लॅनच्या भोकात घाला. क्रम हाच ठेवा. केबल आधी हलवली तर एका घरात दोन डीएचसीपी पत्ते वाटायला लागतात, आणि त्या दिवशी टीव्हीसुद्धा बंद पडतो.

प्रश्न: आमच्याकडं राऊटर एकच आहे, तरी तेच.

वरचा लॅपटॉप ‘गेस्ट’ नावाच्या वाय-फायला जोडलेला आहे का बघा. पाहुण्यांनी नेट वापरावं पण घरातल्या मशीनकडं फिरकू नये, यासाठीच ते नेटवर्क असतं. तिथं शेअरिंग न होणं हा त्याचा गुण आहे. काही राऊटरांत मुख्य वाय-फायलाही ‘एपी आयसोलेशन’ किंवा ‘क्लायंट आयसोलेशन’ नावाचं बटण असतं. ते चालू असेल तर वाय-फायवरची मशीनं एकमेकांपासून तोडलेली राहतात, नेट मात्र सगळ्यांना मिळतं. ते बंद करा.

प्रश्न: एक्स्प्लोररच्या ‘नेटवर्क’मध्ये दुसरा कॉम्प्युटर दिसतच नाही.

दिसणं आणि मिळणं यात विंडोज फरक करतं. यादीत नाव येण्याचं काम वेगळ्या सेवा करतात. त्या आळशी आहेत, कधी दहा मिनिटांनी जाग्या होतात. \\ टाकून फोल्डर उघडत असेल तर यादीच्या मागे लागू नका. फोल्डरवर राइट क्लिक करून ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ करा, त्याला झेड अक्षर द्या आणि यादी विसरून जा.

तरीही यादी हवीच असेल तर यजमानावर ‘सर्व्हिसेस’ उघडून ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ शोधा. ते चालू करा आणि स्टार्टअप टाइप ‘ऑटोमॅटिक’ ठेवा.

प्रश्न: राऊटर बदलल्यापासून बंद झालंय. सेटिंग तर कशालाच हात लावला नाही.

तुम्ही लावला नाही, विंडोजनं बदललं. नवीन राऊटर म्हणजे विंडोजच्या दृष्टीनं नवीन नेटवर्क, आणि अनोळखी नेटवर्काला ते बहुधा ‘पब्लिक’ समजतं. पब्लिक म्हणजे एसटी स्टँडवरचं वाय-फाय. तिथं दार लावून घेणं हेच शहाणपणाचं. घरात ते ‘प्रायव्हेट’ हवं. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, मग वाय-फाय किंवा इथरनेट, जोडलेल्या नेटवर्काचे गुणधर्म, तिथं ‘प्रायव्हेट नेटवर्क’. हे दोन्ही मशीनवर करा. एकावरच करून लोक दुसरं विसरतात.

मग विंडोज ११ मध्ये त्याच ‘नेटवर्क अँड इंटरनेट’खाली अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज आणि त्यात अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज. विंडोज १० मध्ये हेच कंट्रोल पॅनलच्या नेटवर्क अँड शेअरिंग सेंटरमध्ये सापडतं. ‘प्रायव्हेट’खालचे नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाईल अँड प्रिंटर शेअरिंग चालू. ‘पब्लिक’खालचे बंदच ठेवा. लॅपटॉप उद्या पुण्याला जातो, तिथल्या वसतिगृहाच्या वाय-फायवर तुमच्या पेढीचं खातं कुणाला दिसायला नको.

विकत घेतलेला अँटिव्हायरस असेल तर त्याची स्वतःची फायरवॉल असू शकते. मग विंडोजची सेटिंग बरोबर असूनही दार बंदच राहतं. तिथं घरचं नेटवर्क ‘ट्रस्टेड’ किंवा ‘होम’ करा. पंधरा मिनिटं बंद करून तपासायला हरकत नाही, बंद ठेवून झोपायला आहे.

प्रश्न: यूजरनेम-पासवर्ड मागतोय. रोजचा पिन टाकला तर ‘चुकीचा’ म्हणतो.

पिन फक्त त्या मशीनच्या समोर बसणाऱ्यासाठी असतो, तो नेटवर्कावरून कधीच चालत नाही. इथं पासवर्ड हवा, आणि तोही यजमानाच्या खात्याचा. पाहुण्याचा नाही. यजमानावर मायक्रोसॉफ्टचं खातं असेल तर नावाच्या जागी पूर्ण ईमेल आणि पासवर्डच्या जागी त्या ईमेल खात्याचा पासवर्ड. पण कॉम्प्युटर घेतला तेव्हा ते खातं दुकानदारानं किंवा भाच्यानं काढलेलं असतं आणि पासवर्ड कुणालाच आठवत नाही. पिन रोज टाकल्यामुळं पासवर्ड विसरतो, हा या पिनचा मोठा तोटा.

खात्याला पासवर्डच ठेवला नसेल तरीही अडतं. रिकाम्या पासवर्डच्या खात्याला विंडोज समोर बसून आत घेतं, नेटवर्कावरून घेत नाही.

मी या भानगडीत पडतच नाही. यजमानावर फक्त शेअरिंगसाठी एक वेगळं साधं खातं काढतो. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूजर्स, अ‍ॅड अकाउंट. तिथं ईमेल मागेल तेव्हा खालचं ‘आय डोन्ट हॅव धिस पर्सन्स साइन-इन इन्फर्मेशन’ आणि पुढच्या पानावर ‘अ‍ॅड अ यूजर विदाउट अ मायक्रोसॉफ्ट अकाउंट’. नाव इंग्रजीत ‘घर’ असं छोटं ठेवा, पासवर्ड बरा द्या, आणि तो वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. मग सगळ्या पाहुण्यांवर हेच नाव आणि हाच पासवर्ड, खाली ‘रिमेंबर माय क्रेडेन्शियल्स’वर खूण. नाव टाकताना आधी यजमानाचं नाव, एक उलटा स्लॅश आणि मग ‘घर’ असं लिहिलं की विंडोजचा गोंधळ होत नाही. हे खातं अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करू नका.

प्रश्न: त्यापेक्षा ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ बंदच करून टाकतो. घरातच तर आहे.

बरेच जण असंच सुचवतात, आणि दहा वर्षांपूर्वी मीही करत होतो. आता नको म्हणतो. तुमचं वाय-फाय शेजारच्यांना दिलेलं असतं, गणपतीत मंडळाच्या पोरांना दिलेलं असतं, आणि दिलेला पासवर्ड परत मागता येत नाही. शिवाय बिनपासवर्डचा प्रवेश विंडोज एकेक पाऊल बंद करत चाललंय. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो प्रकारात ‘गेस्ट’ म्हणून बिनओळखीचं आत जाणं मुळातच बंद आहे. त्यावर येणारा संदेश वाचून लोक घाबरतात. ‘तुमच्या ऑर्गनायझेशनच्या सुरक्षा धोरणामुळं’ वगैरे लिहिलेलं असतं. घरात कसली आलीय ऑर्गनायझेशन! तो मजकूर कंपन्यांसाठी लिहिलेला आहे, तुमच्यावर कुणी बंदी घातलेली नाही. समोरच्या मशीनवर किंवा नेटवर्कच्या हार्डडिस्कवर नाव-पासवर्डाचं खातं काढा, संदेश जातो.

प्रश्न: पासवर्ड बरोबर आहे, फोल्डर दिसतं, पण उघडलं की ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’.

विंडोजमध्ये एकाच फोल्डरला परवानग्यांच्या दोन याद्या असतात. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘शेअरिंग’ टॅबमध्ये एक, ‘सिक्युरिटी’ टॅबमध्ये दुसरी. नेटवर्कावरून येणाऱ्याला दोन्हींतून पास व्हावं लागतं, आणि दोन्हींत जी कडक असेल ती लागू होते. शेअरिंगमध्ये ‘फुल कंट्रोल’ दिलं पण सिक्युरिटीत ‘घर’ हे नावच नाही, तर उपयोग शून्य. सिक्युरिटीत ‘एडिट’, ‘अ‍ॅड’ करून ते नाव घाला आणि ‘मॉडिफाय’ द्या. नुसतं वाचायला मिळतं पण सेव्ह होत नाही, ही तक्रारही याच दोन याद्यांतली.

जुन्या मशीनची हार्डडिस्क काढून नव्यात लावली असेल तर त्यावरच्या फोल्डरांची मालकी जुन्या खात्याकडंच राहते. ती ‘सिक्युरिटी’तल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मधून आपल्या खात्याकडं घ्यावी लागते.

आणि अख्खा सी ड्राइव्ह शेअर करू नका. डी वर एक फोल्डर काढा, त्याला इंग्रजीत ‘सामायिक’ म्हणा, जे वाटायचं ते त्यात.

प्रश्न: पासवर्ड बदलला, आता नवा टाकायची चौकटच येत नाही.

पाहुण्यानं जुना पासवर्ड जपून ठेवलाय आणि तो तोच पुन्हापुन्हा देतोय. कंट्रोल पॅनलमधल्या ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये ‘विंडोज क्रेडेन्शियल्स’खाली यजमानाचं नाव शोधा, काढून टाका, मशीन एकदा बंद-चालू करा. एकाच यजमानाकडं एकाच वेळी दोन वेगळ्या नावांनी गेलात तरी विंडोज अडवतं. तिथंही हाच उपाय.

प्रश्न: सकाळी चालतं, जेवून आलं की बंद.

यजमान पण जेवून झोपलाय. पॉवर सेटिंगमध्ये स्लीप ‘नेव्हर’ करा, स्क्रीन बंद झाली तरी चालेल.

लाइट जाऊन आल्यावर बंद होत असेल तर कारण वेगळं. राऊटर नव्यानं सुरू होतो, पत्ते नव्यानं वाटतो, आणि कालचा ५ आज ७ होतो. तुमचा झेड ड्राइव्ह अजून ५ च्या दारात उभा असतो. राऊटरमध्ये ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ करून यजमानाला कायमचा पत्ता द्या, किंवा पत्त्याऐवजी त्याच्या नावानं जोडा. नाव इंग्रजीत, १५ अक्षरांच्या आत, मध्ये जागा नको. कारखान्यातून येणारं ‘डेस्कटॉप’ आणि पुढं अगम्य अक्षरं हे नाव बदलून ‘पेढी’ केलं की अर्धी चिडचिड कमी होते.

प्रश्न: घरी जुना एक्सपीचा कॉम्प्युटर आहे. नवा लॅपटॉप त्याच्याशी बोलतच नाही.

बोलणार नाही. विंडोजच्या शेअरिंगच्या भाषेला एसएमबी म्हणतात. एक्सपीला तिची फक्त पहिली, १९८० च्या दशकातली बोली येते. २०१७ च्या मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टनं त्या बोलीतलं एक भगदाड बुजवलं. ज्यांनी अपडेट घेतलं नव्हतं त्यांच्या मशीनमध्ये १२ मेपासून वॉनाक्राय नावाचा व्हायरस त्याच भगदाडातून शिरला. दीडशेहून जास्त देशांत फायली कुलूपबंद झाल्या, ब्रिटनमधल्या सरकारी दवाखान्यांचं कामकाज कोलमडलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून ही बोली नव्या विंडोजसोबत आपोआप बसवणं थांबवायला सुरुवात झाली.

नव्या लॅपटॉपवर ‘एसएमबी १’ परत चालू करण्याची सोय अजून आहे, आणि ती कशी करायची ते मी इथं मुद्दाम लिहीत नाही. एका जुन्या मशीनसाठी नव्याचं दार मोडण्यात मजा नाही. एक्सपीवरच्या फायली एकदाच पेनड्राइव्हनं काढून घ्या. विंडोज ७ चं तसं नाही. त्याला दुसरी बोली येते, त्यामुळं ‘विंडोज ७ आहे म्हणून होत नाही’ हे कारण सहसा खोटं असतं. त्याची सुरक्षा अपडेट मात्र जानेवारी २०२० मध्ये संपली, आणि विंडोज १० चीही मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली.

‘स्कॅन टू फोल्डर’ करणारी जुनी झेरॉक्स मशीनं आणि राऊटरच्या मागं लावलेला पेनड्राइव्ह हेही पुष्कळदा पहिल्याच बोलीत अडकलेले असतात.

प्रश्न: पूर्वी होमग्रुप होता, तो कुठं गेला?

विंडोज ७ सोबत आला, २०१८ मध्ये विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीतून काढला. शोधू नका.

प्रश्न: शंभरचा प्लॅन आहे, तरी घरातल्या घरात फाईल जायला तास लागतो.

घरातली फाईल इंटरनेटवर जाऊन येत नाही. प्लॅन शंभरचा असो की हजारचा, फरक पडत नाही. फरक पडतो तो केबल, राऊटरचं भोक आणि भिंती यांनी.

लग्नाच्या फोटोंचं १० जीबीचं फोल्डर धरा. राऊटरची भोकं १०० मेगाबिटची असतील तर सेकंदाला साधारण ११ एमबी जातात, म्हणजे पंधरा मिनिटं. गिगाबिट असतील आणि डिस्क चांगली असेल तर सेकंदाला १०० च्या आसपास, दोन मिनिटांच्या आत. आणि दोन भिंतींपलीकडच्या जुन्या वाय-फायवर सेकंदाला ३ एमबी मिळाले तर पाऊण तासाच्या पुढं. गावभागातल्या जुन्या वाड्यांच्या भिंती जाड, साताऱ्यात तर काळ्या दगडाच्या. त्यातून वाय-फाय गाळून गाळून येतं.

सगळं गिगाबिट असून ११ वरच अडकत असेल तर केबल बघा. आत तारांच्या चार जोड्या असतात, गिगाबिटला चारही लागतात. एखादी तुटली किंवा क्लिप नीट दाबली नसेल तर जोडणी गुपचूप १०० वर येते आणि कुणाला पत्ता लागत नाही. जिन्यात उंदीर असतील तर हे फार होतं.

प्रश्न: हिशेबाचं सॉफ्टवेअर शेअरिंगवर चालवतो. मध्येच डेटा खराब झाल्याचं सांगतं.

वाय-फायवर चालवत असाल तर आजच केबल टाका. फोटो कॉपी होताना जोडणी क्षणभर तुटली तर पुन्हा कॉपी करता येतं. हिशेबाचं सॉफ्टवेअर मात्र फाईल उघडी ठेवून तिच्यात सारखं लिहीत असतं, आणि एन्ट्री अर्धी लिहून झाल्यावर वाय-फाय डगमगलं तर खातं अर्धवट राहतं. हळदीच्या हंगामात पट्ट्या करत बसलेल्या माणसाला हे परवडत नाही. यजमान आणि राऊटर दोघेही इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवर हवेत. एकच असून चालत नाही.

एक्सेलची फाईल ‘रीड ओन्ली’ उघडते ती खराबी नव्हे. दुसऱ्या मशीनवर कुणीतरी ती उघडी ठेवून चहाला गेलंय.

प्रश्न: फाईल वर आली, पण मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो.

शेअरिंगनं फाईल बिघडवली असं सगळ्यांना वाटतं, पण फाईल जशीच्या तशी आलेली असते. श्रीलिपी, कृतिदेव असल्या जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी आकार बसवलेले असतात. आत साठवलेलं असतं इंग्रजी अक्षर, मराठी फक्त फॉन्टमुळं दिसतं. वरच्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नसेल तर सोंग उतरतं. तोच फॉन्ट तिथं बसवा, किंवा खालूनच पीडीएफ करून पाठवा. नवीन मजकूर युनिकोडमध्ये (त्यात साठवलेलं अक्षरच मराठी असतं) टाइप करा म्हणजे पुढं हा प्रश्न येत नाही. लग्नपत्रिका आणि हँडबिलं करणाऱ्यांना हे पटत नाही, त्यांना जुन्या फॉन्टांची वळणं हवी असतात, आणि त्यांचंही खोटं नाही.

फाईलचं नाव मराठीत असेल तर विंडोज-विंडोजमध्ये काही अडचण नाही. फोल्डरात फोल्डर करत नावांची मालगाडी झाली तर मात्र पूर्ण मार्ग २६० अक्षरांच्या पुढं जाऊन कॉपी अडते.

प्रश्न: मोबाइल, मॅक यांवरून ते फोल्डर दिसेल का?

दिसेल. मॅकवर फाइंडरच्या ‘गो’ मेनूत ‘कनेक्ट टू सर्व्हर’, आयफोनवर ‘फाइल्स’ अ‍ॅपमध्ये तीन टिंबांखाली तेच. एसएमबी, अपूर्णविराम, दोन सरळ स्लॅश आणि यजमानाचा पत्ता. अँड्रॉइडवर नेटवर्क किंवा एसएमबीची सोय असलेलं फाईल मॅनेजर लागतं. नाव-पासवर्ड तोच, ‘घर’चा.

प्रश्न: मुलगा पुण्यात असतो. तिथून हे फोल्डर उघडता येईल का?

यासाठी राऊटरमध्ये ४४५ पोर्ट बाहेर उघडून द्यायला कुणी सांगितलं तर ऐकू नका. वॉनाक्राय याच दारातून आला होता. त्याला हव्या त्या चार फायली गूगल ड्राइव्हवर टाका. रोजचंच काम असेल तर व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कात येण्याचा सुरक्षित रस्ता, बसवून घ्या.

प्रश्न: फोल्डर दोन्हीकडं दिसतं, म्हणजे बॅकअप झालाच ना?

नाही. दोन्हीकडं दिसतं, आहे एकीकडंच. आणि नेटवर्कावरून डिलीट केलेली फाईल रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. वर पोरानं नको समजून पुसली की खाली पेढीवरूनही गेली. पाहुण्या मशीनमध्ये फायली कुलूपबंद करणारा व्हायरस शिरला, तर झेड ड्राइव्हलाही तो आपलंच समजतो. म्हणून एक बाहेरची हार्डडिस्क हवी, आठवड्यातून एकदा जोडायची, कॉपी झाली की काढून ठेवायची. सतत जोडून ठेवलेली डिस्क बॅकअप म्हणून निम्मीच कामाची.

ती डिस्क कुठं ठेवायची, हे सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली ४५ फूट ही धोक्याची पातळी, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं. त्या पुरात एका घरानं धान्य, टीव्ही, फ्रिज सगळं माडीवर चढवलं. टेबलाखालचा सीपीयू कुणाच्या ध्यानातच आला नाही, आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खणात होती. पाणी ओसरल्यावर दोन्ही माझ्याकडं आली, चिखलासकट. डिस्कमधून काही मिळालं नाही. त्यांचा यजमान आता माडीवर असतो आणि केबल जिन्याच्या कठड्यावरून खाली दुकानात येते.